कोठ्यावरचा कॅमेरा अलेक्साला सापडत नाही, तेव्हा

वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच साठवून ठेवण्याची आपल्याकडची रीत असल्यामुळे यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतही आता फाटकावर, कोठ्यावर आणि कापसाच्या खोलीबाहेर वायफायचे कॅमेरे दिसू लागले आहेत. ते अलेक्सा किंवा गुगल असिस्टंट या, स्पीकरवरून तोंडी हुकूम घेणाऱ्या सेवांना (व्हॉइस असिस्टंटना) जोडलेले असले, तर रात्री कुत्री भुंकल्यावर उठून बाहेर न जाता टीव्हीवर फाटक पाहता येते. ही जोडणी तुटली की बहुतेक जण शिडी लावून प्रथम कॅमेऱ्याचे रिसेटचे बटण दाबतात. कृपया तसे करू नये, कारण त्याने बिघाडाचे कारण तर कळत नाहीच, उलट कॅमेऱ्यातील सगळी मांडणी पुसली जाऊन एकाच्या ठिकाणी दोन कामे मागे लागतात.

आपला आवाज स्पीकरकडून थेट कॅमेऱ्याकडे जात नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. तो राउटरमधून अॅमेझॉनच्या किंवा गुगलच्या सर्व्हरकडे, तेथून कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे आणि मग पुन्हा आपल्याच राउटरमार्गे कॅमेऱ्याकडे जातो. म्हणजे ओसरीतून दहा फुटांवरचे फाटक पाहायचे असले तरी हुकूम गावाबाहेर जाऊन परत येतो. ही साखळी नेमकी कोठे तुटली, एवढेच शोधायचे असते.

त्यासाठी एक सोपी चाचणी पुरेशी आहे. मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर कॅमेऱ्याचे स्वतःचे अॅप उघडावे. चित्र आले, तर कॅमेरा, राउटर आणि घरातील इंटरनेट ठीक असून दोष बहुधा कॅमेऱ्याच्या कंपनीचे खाते आणि अलेक्साचे किंवा गुगलचे खाते यांच्या जोडणीत आहे. चित्र आले नाही, तर अलेक्साचा त्यात काही अपराध नाही आणि शोध घरातच घ्यावा लागेल.

घरातील दोषाचा उगम बहुधा विजेत असतो. लाइट परत आल्यावर राउटर पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात, तोवर कॅमेरा जागा होऊन वायफाय शोधत बसतो, आणि काही कॅमेरे नंतर आपणहून पुन्हा जोडले जात नाहीत. अशा वेळी राउटरचे दिवे स्थिर होऊ द्यावेत आणि मगच कॅमेऱ्याचा अॅडॉप्टर काढून पुन्हा लावावा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर बाहेरून प्रकाशाचा संकेतच येत नाही. तेव्हा घरात काहीही न छेडता फायबरवाल्याला फोन करावा. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेता आला तर निम्मा त्रास वाचतो. तो पत्र्याला टेकवून मात्र ठेवू नये, कारण आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याखालची उष्णता त्याहून जास्त असते.

बहुतेक घरगुती कॅमेरे वायफायच्या दोन मुख्य पट्ट्यांपैकी फक्त २.४ गिगाहर्ट्झचा ओळखतात. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असला तरी जुन्या घराच्या जाड मातीच्या भिंतीपलीकडे त्याची ताकद लवकर संपते. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने देत असेल, तर त्यांना वेगळी नावे देऊन कॅमेरा २.४ वर जोडावा. राउटर बदलण्याची वेळ आली, तर नव्यालाही जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा, म्हणजे सहसा एकाही कॅमेऱ्याला हात लावावा लागत नाही.

आता खात्यांची बाजू. येथे अलेक्साचे उत्तर नीट ऐकावे. डिव्हाइस प्रतिसाद देत नाही, असे ती म्हणत असेल, तर नाव तिच्या यादीत आहे, पण कॅमेऱ्यापर्यंतची वाट बंद आहे. त्या नावाचे काही सापडलेच नाही, असे म्हणत असेल, तर नाव चुकले आहे किंवा जोडणीच गेली आहे. कॅमेऱ्याच्या खात्याचा पासवर्ड बदलला की आधी दिलेली परवानगी पुष्कळदा रद्द होते. आमच्या घरी पुण्यातल्या मुलाने पासवर्ड बदलला आणि सांगायचे विसरला. मी चार दिवस कोठ्यावर शिडी लावून वायर तपासत होतो. उपाय पाच मिनिटांचा होता: अलेक्सा अॅपमध्ये त्या कंपनीचे स्किल (कंपनीचे खाते अलेक्साशी जोडणारी सोय) बंद करून पुन्हा चालू करावे, नवा पासवर्ड टाकावा आणि डिव्हाइस नव्याने शोधायला सांगावे. गुगल होम अॅपमध्ये हेच काम त्या कंपनीचे खाते पुन्हा जोडून होते.

खाते कोणाचे, हाही प्रश्न गावात महत्त्वाचा ठरतो. तालुक्याचा दुकानदार घाईत स्वतःच्या नंबरवर खाते उघडून कॅमेरा आपल्याला नुसता ‘शेअर’ करून देतो, आणि असा शेअर केलेला कॅमेरा अनेक कंपन्यांच्या बाबतीत व्हॉइस असिस्टंटला दिसत नाही. मूळ खाते घरच्याच माणसाच्या नावावर असावे आणि त्यात देश भारत निवडलेला असावा.

नावाचे म्हणाल, तर अलेक्सा इंग्रजी आणि हिंदी समजते, मराठी नाही. ‘कोठा’ हे नाव ती धड पकडत नाही (हिंदीत त्याचा अर्थही भलताच होतो), म्हणून ‘फ्रंट गेट’, ‘गोदाम’ अशी एकमेकांशी न जुळणारी नावे ठेवावीत. ज्या स्पीकरला पडदाच नाही त्याच्यावर चित्र दिसणार नाही, ते टीव्हीवर किंवा पडद्याच्या स्पीकरवर मागावे लागते. अलार्म असलेल्या यंत्रणेत तो आवाजाने बंद करण्यासाठी पिन मागितला जातो. तो बिघाड नसून खिडकीबाहेरच्या माणसाने ओरडून अलार्म बंद करू नये यासाठीची सोय आहे, तेव्हा पिन काढून टाकण्याच्या भानगडीत पडू नये.

एवढे करूनही मोबाइल डेटावर चित्र येतच नसेल आणि राउटर ठीक असेल, तर मात्र रिसेट करावे. त्याआधी मूळ खात्यातून तो कॅमेरा काढून टाकावा, कारण पुष्कळ कॅमेरे रिसेटनंतरही जुन्या खात्यालाच बांधलेले राहतात आणि नव्या खात्यात शिरत नाहीत.