जॅझ, ब्लूज आणि सोलचा साप्ताहिक कार्यक्रम करताय? या चुका टाळा

आठवड्यातून एक तास जॅझ, ब्लूज आणि सोल. असा कार्यक्रम मी सामुदायिक रेडिओवर बरीच वर्षं करते आहे आणि नव्याने येणाऱ्यांना शिकवतेही. येणाऱ्यांची आवड खरी असते, संग्रहही चांगला असतो. चुका मात्र दरवर्षी त्याच, आणि त्या पुन्हा पुन्हा दुरुस्त करून मी थकले आहे. माइकपासून किती अंतरावर बसायचं, हे एका दुपारीत जमतं. ज्याच्या गौरवासाठी कार्यक्रम करतो त्या वादकाचं नाव चुकवायचं किंवा घ्यायचंच नाही, ही सवय एकदा लागली की सुटत नाही.

नाव एक, माणसं दोन

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगते. सुरुवातीच्या दिवसांत मी सनी बॉय विल्यमसन या ब्लूजमधल्या हार्मोनिकावादकावर (हार्मोनिका म्हणजे माउथ ऑर्गन) पूर्ण तासाचा कार्यक्रम केला. टेनेसीत जन्म, १९३७ मधलं पहिलं रेकॉर्डिंग, शिकागोत कमावलेलं नाव आणि मग जून १९४८ मध्ये क्लबमधून घरी परतताना झालेला खून, वय अवघं ३४. हे सगळं गंभीर आवाजात सांगून मी ‘हेल्प मी’ लावलं. गाणं संपायच्या आत स्टुडिओतला फोन वाजला. पलीकडच्या वयस्कर गृहस्थांनी शांतपणे विचारलं, ‘‘ताई, हे रेकॉर्डिंग १९६३ चं आहे. मग वाजवतंय कोण?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची वीस मिनिटं मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्यांचा तो प्रश्न मात्र अजून कानात आहे.

सनी बॉय विल्यमसन दोन होऊन गेले. खून झाला तो जॉन ली विल्यमसन. दुसऱ्याचं नाव अलेक मिलर, लोक त्याला राइस मिलर म्हणत. नोव्हेंबर १९४१ मध्ये आर्कान्सामधल्या हेलेना गावी केएफएफए या केंद्रावर ‘किंग बिस्किट टाइम’ सुरू झाला. पिठाच्या व्यापाऱ्याने पैसे घातलेला, दुपारी जेवणाच्या वेळी लागणारा हा छोटासा कार्यक्रम. त्यात मिलर हार्मोनिका वाजवायचा आणि रॉबर्ट लॉकवुड ज्युनिअर गिटार. मिलरने तिथे नाव लावलं ते सनी बॉय विल्यमसन. आधीचा सनी बॉय तेव्हा शिकागोत हयात होता, त्याच्या तबकड्या बाजारात होत्या. म्हणजे हा घोळ रेडिओने पक्का केलेला आहे. रेडिओवर बोलणाऱ्यांनीच तो निस्तरायला हवा, असं मला मनापासून वाटतं. दोघंही मोठे वादक होते आणि एकाचं श्रेय दुसऱ्याला दिलं की अन्याय दोघांवरही होतो.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवते. प्रत्येक ट्रॅकसाठी एक ओळ: कलाकाराचं पूर्ण नाव, जन्म आणि मृत्यूचं साल, रेकॉर्डिंगचं साल, गाव, सोबत कोण कोण. ओळ भरली की आधी सालं ताडून बघायची. मृत्यूनंतरचं रेकॉर्डिंग दिसलं की थांबायचं. बिल एव्हन्स हे नाव आलं तरी थांबायचं. पियानोवाला १९८० मध्ये गेला, सॅक्सोफोनवाला त्यानंतर पुढे आला आणि दोघंही जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर वाजवून गेले. विली स्मिथ तर तीन आहेत: ‘द लायन’ म्हणून ओळखला जाणारा पियानोवादक, जिमी लन्सफर्डच्या बँडमधला सॅक्सोफोनवादक आणि ब्लूज गायक मडी वॉटर्सचा ड्रमर. वही भरायला दर आठवड्याला दोन तास जातात. ‘‘ॲपवर बघून लगेच सांगता येतं की,’’ असं म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. ॲपवर या दोन बिल एव्हन्सची रेकॉर्डिंग एकाच पानावर कालवलेली मी पाहिली आहेत.

सुरुवातीच्या सुरांवर बोलणं

ही माझ्या सर्वांत जास्त जिव्हारी लागणारी चूक. व्यावसायिक रेडिओत गायकाचा आवाज सुरू होईपर्यंत बोलत राहणं हे कौशल्य समजलं जातं. पहिल्या शब्दाच्या अगदी उंबरठ्यावर येऊन थांबायचं, त्याची वाहवा होते. नवी मुलं तेच ऐकून आलेली असतात.

आमच्याकडच्या एका हुशार मुलाने टेम्प्टेशन्स या सोल गायकसमूहाचं ‘माय गर्ल’ लावलं आणि तो गायकांविषयी बोलत राहिला. उच्चार स्वच्छ, वेळ अचूक, शेवटचा शब्द संपला आणि गाणाऱ्याने सूर लावला. बाहेर येऊन तो माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहत होता. मी त्याला आत बसवलं आणि हेडफोन लावून फक्त ती सुरुवात तीन वेळा ऐकवली.

आधी एकटा बेस. छातीत ठोके पडावेत तसे मोजके सूर, मध्ये मोकळी जागा. मग वरून गिटार येते आणि पायरी पायरीने चढते, सा रे ग प ध सां. तेवढ्यावर जगभरचे लोक गाणं ओळखतात. बेस जेम्स जेमरसनचा, गिटार रॉबर्ट व्हाइटची. दोघंही डेट्रॉइटमधल्या मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत रोज वाजवणाऱ्या ‘फंक ब्रदर्स’ या ताफ्यातले. गाणं १९६४ चं. तेव्हा मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावं छापतच नसत. १९७१ मध्ये गायक मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमच्या वेष्टनावर ती आली, तोवर या मंडळींनी कितीतरी गाणी घराघरांत पोहोचवली होती.

म्हणजे ज्या काही सेकंदांवर आपण बोललो, तेवढीच जागा त्या दोघांची होती. कंपनीने नाव दिलं नाही, आपण सूरही झाकले. त्या मुलाने तिसऱ्यांदा ऐकून हेडफोन काढला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, मला वाटलं ती नुसती सुरुवात आहे.’’ आज तो आमच्याकडचा सगळ्यात काळजीपूर्वक निवेदन करणारा आहे.

माझा नियम साधा आहे. आधी बोलायचं, मग थांबायचं, एक श्वास घ्यायचा, मग ट्रॅक. गाणं संपलं की पुन्हा एक श्वास आणि मग नावं. गायकाचं नाव सगळेच सांगतात. मी बेसवाल्यापासून सुरू करते. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओतलं काही लावलं तर बुकर टी. जोन्स, स्टीव्ह क्रॉपर, डक डन, अल जॅक्सन ज्युनिअर ही तिथल्या ताफ्यातली चार नावं घ्यायला दहा सेकंदही लागत नाहीत, पण कोण वाजवतंय त्याची खात्री करूनच घ्यायची. ‘‘एवढी नावं कोण ऐकतंय?’’ असा प्रश्न ज्याला पडतो त्याने दुसरा कार्यक्रम करावा.

शोकांतिकेची चटक

नवख्यांच्या संहितेत दारू, व्यसन, तुरुंग आणि मृत्यू एवढंच असतं. वाजवलं काय, हे कुठेच नसतं. त्यात ऐकीव गोष्टींची भर. ब्लूज गायिका बेसी स्मिथला गोऱ्यांच्या रुग्णालयाने दारातून परत पाठवलं म्हणून ती गेली, हे मी अजूनही ऐकते. २६ सप्टेंबर १९३७ रोजी मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ तिच्या मोटारीला अपघात झाला आणि तिला थेट गावातल्या कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेलं गेलं. परत पाठवल्याची गोष्ट नंतर एका मासिकातल्या लेखामुळे पसरली. वंशभेद तिथे होताच, रुग्णालयंच वेगळी होती. तो सांगायला खोट्या प्रसंगाची गरज नाही.

ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला, ही गोष्ट तर निवेदनात घालू नका अशी मी हात जोडून विनंती करते. तो सौदा आधी टॉमी जॉन्सन या वेगळ्याच गायकाबद्दल टॉमीच्याच भावाने सांगितलेला आहे. रॉबर्ट शिकला तो आइक झिमरमन नावाच्या गिटारवादकाकडे, रात्र रात्र रियाझ करून. एका माणसाची मेहनत सैतानाच्या खात्यावर जमा करताना आपल्याला काहीच वाटू नये?

बाकीच्या थोडक्यात

वाढदिवसाचा कार्यक्रम करताना तारीख तपासा. जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग आयुष्यभर ४ जुलै १९०० सांगत आला, बाप्तिस्म्याच्या नोंदीत ४ ऑगस्ट १९०१ आहे. मडी वॉटर्सचं साल कुठे १९१३ तर कुठे १९१५. अशा वेळी मी दोन्ही सांगते.

एकच गाणं दोघांनी गायलेलं असेल तर आधीच्याला विसरू नका. ‘हाउंड डॉग’ आधी ब्लूज गायिका बिग मामा थॉर्नटनचं, मग एल्व्हिसचं. ‘रिस्पेक्ट’ ऑटिस रेडिंगने १९६५ मध्ये लिहून गायलं, अरीथा फ्रँकलिनने १९६७ मध्ये ते आपलं केलं. दोन्ही वाजवा, क्रमाने.

स्वस्त संकलनांपासून सावध राहा. सोल गायकांनी पुढे दुसऱ्या कंपन्यांसाठी तीच गाणी पुन्हा गायली आणि ती जुन्या नावानेच विकली जातात. आवाज थकलेला आणि ड्रम नव्या काळातले वाटले तर साल बघा. साठच्या दशकातल्या सोलची मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीत असलेली) प्रत मिळाली तर तीच लावा.

माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमच्या जुन्या प्रतींमध्ये पहिली बाजू किंचित चढ्या सुरात आहे, कारण मार्च १९५९ च्या रेकॉर्डिंगच्या वेळी एक टेपमशिन हळू चालत होतं आणि ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर वर जातो. हे १९९० च्या दशकात दुरुस्त झालं. श्रोत्यांत कुणीतरी पियानो उघडून बसलेलं असतं, त्यामुळे दुरुस्त प्रतच घ्या.

हळुवार बेस सोलो सुरू असताना प्रक्षेपणाच्या यंत्रणेला शांतता वाटते आणि ती आपोआप दुसरं काही वाजवू लागते. केंद्रातल्या तंत्रज्ञाला आधी सांगून ठेवा. आवाज वाढवून ती पोकळी भरू नका.

वेळ भरून काढण्यासाठी सोलो कापायचा नाही. साठ मिनिटांत माझं बोलणं दहा मिनिटं, बाकी संगीत, आणि शंका असेल तर यादीतला एक ट्रॅक आधीच काढून टाकते. मधूनच फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढणं म्हणजे गवई समेवर यायच्या आत पडदा पाडणं.

आणि ‘डॉक ऑफ द बे’ शेवटच्या जागी ठेवू नका. ऑटिस रेडिंगने ते १९६७ मध्ये मुद्रित केलं आणि काही दिवसांतच, १० डिसेंबरला, विमान अपघातात तो गेला. वय २६. गाण्याच्या शेवटी तो शीळ घालतो, ती शीळ आपली आपणच दूर जाते. कार्यक्रमाचा शेवट म्हटला की घड्याळ धावत असतं, पुढचा निवेदक दारात उभा असतो आणि कापली जाते ती नेमकी शीळ. मी ते गाणं चाळिसाव्या मिनिटाला लावते.