पहिलं पोतं फोडण्याआधी

शेततळ्यात सोडायला बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, येणार म्हटलं की जो तो आधी खाद्याच्या पोत्याचा भाव काढतो. माझं ऐकाल तर आधी एक वही आणि एक काटा घ्या. शेततळ्यात किती मासे सोडले हे पहिल्या पानावर लिहा आणि दर पंधरा दिवसांनी फेकजाळं मारून पंधरा-वीस मासे तोला. समजा, 600 मासे आहेत आणि सरासरी वजन 100 ग्रॅम भरलं, तर तळ्यात 60 किलो मासा झाला. त्याच्या तीन टक्के म्हणजे दिवसाला 1 किलो 800 ग्रॅम खाद्य, तेही सकाळ-संध्याकाळ निम्मं-निम्मं. बोटुकली लहान असताना पाच टक्क्यांपर्यंत चालतं, पुढे मासा वाढेल तसे टक्के उतरवायचे. मेलेले मासे वहीतून वजा करायला विसरू नका.

पहिल्या वर्षी मी घमेल्याने टाकत होतो. मासे खातायत, पाणी हिरवंगार होतंय, मी खूश. दिवाळीच्या आसपास तळाला काळा गाळ आणि पाण्याला वास. आपलं तळं प्लास्टिक अंथरलेलं, उरलेलं खाद्य जिरणार कुठे?

म्हणून दुसरी वस्तू, तपासणीची टोपली. बांबूच्या टोपलीत दगड ठेवून ती दोरीने पाण्यात सोडा, त्यात थोडं खाद्य टाका आणि दोन तासांनी वर काढा. उरलं असेल तर पुढच्या वेळी कमी टाका.

तरंगतं खाद्य सोपं, खाल्लेलं डोळ्यांना दिसतं; पण मृगळ मासा तळाशी चरणारा, कटला-रोहू माशांच्या गर्दीत त्याच्या वाट्याला थोडंच येतं. त्याच्यासाठी भुईमुगाची ढेप रात्री भिजत घालून सकाळी तांदळाच्या कोंड्यात समप्रमाणात मळा आणि गोळे रोज एकाच ठरलेल्या कोपऱ्यात सोडा. ढेपेला बुरशीचा वास आला तर ती जनावरांनाही नको, माशांनाही नको. गोठ्यातली सरकी ढेप हाताशी असते, पण तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य माशाला मानवत नाही. घरचं सोयाबीन कच्चंच दळून टाकायचा मोहही आवरा. कच्च्या दाण्याने पचन अडतं. मोंढ्यातून तेल काढलेली सोयाबीन ढेप आणा.

पोती भिंतीपासून लांब, लाकडी फळ्यांवर. दोन महिन्यांत संपेल एवढाच माल भरा, स्वस्त मिळाला तरी.

कधी टाकायचं नाही, हेही वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. झड लागून आभाळ दिवसभर भरलेलं असेल तर अर्धं. पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळत असतील तर त्या दिवशी बंदच, आधी मोटर लावून पाणी वरून पाडा. पौष-माघाच्या थंडीत मासा सुस्तावतो. तेव्हा ऊन चढल्यावर एकदाच द्या.

एप्रिलमध्ये खरी पंचाईत होते. मोसंबीला पाणी देत देत तळं निम्म्यावर येतं, मासे मात्र तेवढेच, वर उन्हाने तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी. तेव्हा वजनाचा हिशेब बाजूला ठेवून खाद्य कमी करा आणि मोठे मासे काढायला लागा. काढायच्या आदल्या दिवशी काहीच टाकू नका, रिकाम्या पोटाचा मासा बाजारापर्यंत चांगला टिकतो.