फोटो कितीही जोडा, नजर एकाच जागी थांबली पाहिजे

नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या काठावरून मावळतीकडे कॅमेरा धरला की नवशिक्यांचा फोटो दोनच प्रकारे फसतो. आभाळ जमलं तर काठ काळाठिक्कर, काठ जमला तर आभाळ पांढरंफटक. दोन्हींच्या उजेडात पाच-सहा स्टॉपचा फरक सहज असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आपला डोळा तो सांभाळून घेतो, एका क्लिकला ते झेपत नाही. ही अडचण कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. 1850 च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्रासाठी एक आणि ढगांसाठी एक अशा दोन निगेटिव्ह एकाच कागदावर छापत होता. त्यामुळे फोटो जोडणं म्हणजे फसवणूक, हा न्यूनगंड आधी काढून टाका.

खरी गडबड पुढे होते. जोडता येतं म्हटल्यावर माणूस जोडतच सुटतो. सूर्य, पाणी, बगळा, होडी, वर पावसाळी ढग, सगळंच छान, आणि बघणाऱ्याला कळत नाही बघायचं कुठे. म्हणून संगणक उघडण्याआधी एक ओळ लिहा: या फोटोत विषय कोणता? ‘पाण्यात वाकलेली बाभूळ’ एवढंच. नंतर येणारा प्रत्येक थर (लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेला फोटो) त्या बाभळीचं काही काम करत असेल तरच ठेवायचा. ढग कितीही देखणे असोत, ते बाभळीवरून नजर उडवत असतील तर नकोत.

सुरुवात एकाच जागेवरून काढलेल्या फोटोंनी करा. ट्रायपॉड, मॅन्युअल मोड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8, दोन सेकंदांचा टायमर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, नाहीतर तीन फ्रेमचे तीन रंग येतात आणि जोड उघडा पडतो. ब्रॅकेटिंगमध्ये, म्हणजे एकच दृश्य कमी-जास्त उजेडात, उणे 2, 0, अधिक 2 स्टॉप असे तीन फोटो, रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल). फक्त शटरचा वेग बदलायचा. अपर्चर बदललं तर फोकसची खोली बदलते आणि कडा जुळत नाहीत. वारा असेल तर पानं तिन्ही फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात, त्यांची भुतं दिसतात. अशा वेळी झाड पूर्णपणे एकाच फ्रेममधून घ्या, बाकीच्या फ्रेम फक्त आभाळ आणि जमिनीसाठी.

फोटोशॉप नसलं तरी अडत नाही. गिंप, डार्कटेबल आणि हगिन ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि हे सगळं काम त्यांच्यात होतं. मशीनचा अंदाज मात्र घ्या. 24 मेगापिक्सेलचा 16 बिट थर सुमारे 144 एमबी जागा खातो. सहा थर झाले की 8 जीबी रॅमचं मशीन रडायला लागतं.

तिन्ही फोटो एकावर एक ठेवून अलाइन करा (नेमके जुळवा) आणि वरच्या थराला मास्क लावा, म्हणजे थराचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा. मास्कमध्ये पांढरं दाखवतं, काळं लपवतं. ब्रशचा फ्लो (एका फटक्यात किती रंग पडतो ते) 10 टक्क्यांच्या आसपास, कडा मऊ. एकदम शंभर टक्क्यांनी रंगवलं की क्षितिजावर उजळ पट्टा येतो, आणि जाणकार आधी तोच पकडतो.

सगळ्यात जास्त वेळ झाडाच्या कडा खातात. बाभळीची पानं बारीक. जुनं पांढरं आभाळ काढून नवं गडद आभाळ घातलं की प्रत्येक पानाभोवती पांढरी किनार उरते. सगळी पानं एकेक करून कापायला बसू नका. वर एक रिकामा थर घ्या, त्याचा ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळण्याची पद्धत) डार्कन करा. शेजारच्या नव्या आभाळातला रंग आयड्रॉपरने (रंग उचलायच्या टूलने) उचला आणि 15-20 टक्क्यांच्या ब्रशने किनारीवरून फिरवा. डार्कन मोड दोन रंगांतला गडद तेवढा ठेवतो. त्यामुळे पांढरी किनार आभाळाचा रंग घेते, पानं आधीच गडद असल्याने तशीच राहतात. दर चार-पाच बोटांवर रंग नव्याने उचला, कारण क्षितिजाकडे आभाळ फिकट होत जातं.

दुसऱ्या दिवशीचं किंवा दुसऱ्या गावचं आभाळ बसवायचं असेल तर अडचणी वाढतात. पहिली, उजेडाची दिशा. नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे जूनअखेरीस सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरअखेरीस तेवढाच दक्षिणेला. म्हणजे डिसेंबरातल्या फुटाळा तलावावर जूनचं आभाळ चढवलं तर पन्नास अंशांचा घोळ होऊ शकतो: झाडांवर उजेड डावीकडून, ढगांवर उजवीकडून. मे महिन्यातलं दुपारचं फोरग्राउंड (पुढची जमीन) तर घेऊच नका. 26 मेच्या सुमारास इथे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. त्यावर संध्याकाळचं आभाळ कधीच बसत नाही.

दुसरी अडचण लेन्सची. 16 मिलिमीटरवर काढलेले ढग पसरट आणि कडेकडे ताणलेले असतात, 70 मिलिमीटरवरचे दाटीवाटीने. जमिनीची आणि आभाळाची फोकल लेन्थ, म्हणजे लेन्सचे हे मिलिमीटर, जवळपास सारखी ठेवा. ढगांचा साठा करताना फाइलच्या नावात महिना, वेळ, दिशा आणि लेन्स लिहून ठेवलीत की शोधाशोध वाचते.

तिसरी पाण्याची. आभाळ बदललं आणि तलाव जुन्याच रंगाचा राहिला, ही चूक नवशिक्यांच्या कामात सर्रास दिसते. आभाळाचा थर उलटा करून पाण्यावर टाका, पण सगळीकडे सारखा नाही. लांबचं पाणी आभाळाइतकंच उजळ दिसतं, पायाजवळचं बरंच गडद, कारण वरून खाली बघताना पाणी उजेड कमी परतवतं. म्हणून खाली येताना थर फिकट करत या. काठावरच्या झाडाचं प्रतिबिंब मात्र असं उलटवून जमत नाही. पाण्यातलं झाड आपल्याला खालच्या बाजूने बघितल्यासारखं दिसतं, फांद्यांची पोटं त्यात येतात. ते मूळ फोटोतलंच राहू द्या.

शेवटी दोन्ही फोटोंचा दाणा (नॉइज, म्हणजे जास्त आयएसओला दिसणारे बारीक ठिपके) जुळवा. आयएसओ 1600 ची जमीन आणि आयएसओ 100 चं आभाळ लांबूनसुद्धा वेगळं कळतं. आभाळावर थोडा नॉइज घाला. उन्हाळ्यात नागपूरच्या हवेत धूळ असते, लांबच्या टेकडीतला काळा रंग राखाडी दिसतो. जोडलेली टेकडी कुळकुळीत काळी असेल तर ती पुढे उडी मारते. कर्व्हजमध्ये (उजेड-अंधार बदलायच्या आलेखात) काळा बिंदू थोडा वर उचला.

फोकस स्टॅकिंगचा, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो जोडण्याचा, नाद उगाच करू नका. फुल फ्रेमवर (मोठ्या, 36 × 24 मिलिमीटर सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) 24 मिलिमीटर, एफ/8 ला 2.4 मीटरवर फोकस केला की साधारण 1.2 मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं रेखीव येतं. फोरग्राउंडचा दगड त्याहून जवळ असेल तेव्हाच तीन-चार फोकस घ्या. एफ/22 हा त्यावरचा उपाय नव्हे, डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने, सगळाच फोटो मऊ होतो.

रामटेकच्या गडावरून खिंडसी तलावाचा पॅनोरामा (शेजारशेजारच्या फ्रेम जोडून केलेला रुंद फोटो) काढताना कॅमेरा उभा धरा, फ्रेम तिसऱ्या हिश्शाने एकमेकींवर येऊ द्या. पण पाच फ्रेम शिवल्या म्हणून पाचही ठेवल्याच पाहिजेत असं नाही. रुंद पट्टीत विषय हरवतो. शिवल्यावर कापा. निर्दयपणे कापा. मोठ्या प्रिंटला याचा फायदा असतो: 24 × 16 इंच 300 डीपीआयवर (इंचाला 300 ठिपके) छापायला 7200 × 4800 पिक्सेल लागतात, एकट्या 24 मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये तेवढे नसतात.

रात्रीचं आभाळ हवं असेल तर शहर सोडावं लागतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (कृत्रिम उजेडापासून राखलेल्या आभाळाचं ठिकाण) म्हणून मान्यता मिळाली. जमीन संध्याकाळच्या निळ्या उजेडात काढून घ्या, ट्रायपॉड हलवू नका आणि अंधार पडल्यावर तारे. 16 मिलिमीटरला 20 सेकंदांपर्यंत तारे बिंदू राहतात, पुढे रेघा होतात. जोडताना जमीन आणखी गडद करा. चंद्र नसलेल्या रात्री गवताची हिरवी पाती दिसणं कुणाला पटत नाही.

काम झालं वाटलं की चार तपासण्या करा. फोटो अंगठ्याएवढा करून बघा, विषय तेव्हाही कळला पाहिजे. काळा-पांढरा करा: सगळ्यात उजळ जागा विषयाजवळ नसून कोपऱ्यातल्या ढगात असेल तर तो ढग दाबा. मग आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा करा. ओळखीचं चित्र अनोळखी झालं की जोड डोळ्यात भरतात. आणि एकेक थर बंद करून बघा. ज्याच्या जाण्याने काही बिघडलं नाही, तो डिलीट.

व्यवसाय म्हणून यात उतरणाऱ्यांनी स्क्रीनची ब्राइटनेस कमी ठेवायची सवय लावावी. झगझगीत स्क्रीनवर केलेलं काम छापल्यावर काळवंडतं, आणि तो खर्च आपल्याच गळ्यात पडतो. स्पर्धांचे नियम फोटो काढायच्या आधी वाचा. फियाप (आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघ) आणि पीएसए (अमेरिकेतली फोटोग्राफिक सोसायटी) यांच्या नियमांनी चालणाऱ्या नेचर विभागात एकाच दृश्याचं एक्स्पोजर किंवा फोकस ब्लेंडिंग चालतं, बाहेरून काही घालणं किंवा आतलं काढणं चालत नाही. मूळ रॉ फाइल मागितली जाऊ शकते, तेव्हा ती कधीच पुसू नका. ग्राहकाला फाइल देताना कॅप्शनमध्ये स्पष्ट लिहा: ‘जमीन फुटाळा, डिसेंबर, आभाळ रामटेक, डिसेंबर, दोन फोटोंचा मेळ.’