लग्नात काय वाजवायचं, हे ठरवताना

लग्न ठरलं की हॉल, केटरर, पत्रिका, साड्या सगळं उरकतं आणि शेवटच्या पंधरा दिवसांत मला फोन येतो: "दादा, डीजे किती घेणार?" मी साउंडवाला. कळव्यात राहतो, सव्वीस वर्षं ठाण्यात हेच काम करतोय. पैशांचं मी नंतर सांगतो. आधी विचारतो, जेवणं किती वाजता? पाहुण्यांत म्हातारी माणसं किती? हॉलचं छत किती उंच आहे? पुष्कळांना वाटतं, साउंडवाल्याला याच्याशी काय करायचंय. पण काय वाजवायचं ते यावरूनच ठरतं.

लग्नाला लोक कशाला येतात हे आधी लक्षात घ्या. ते भेटायला येतात. नाशिकची मावशी आणि पनवेलची आत्या चार वर्षांनी एका टेबलावर बसतात. घाणेकर नाट्यगृहात तिकीट काढून आलेला माणूस अंधारात स्टेजकडे तोंड करून बसतो, गाणं ऐकायलाच बसतो. रिसेप्शनला आलेला माणूस हातात पाकीट घेऊन रांगेत उभा असतो. मी कितीतरी चांगले भावगीत गायक रिसेप्शनला बघितले आहेत. समोर तीनशे माणसं, ऐकणारी पहिल्या ओळीतली सहा. गायकाला वाईट वाटतं, मग तो आवाज वाढवायला सांगतो. आवाज वाढला की लोक आणखी मोठ्यानं बोलतात. तासाभरात सगळ्यांचीच डोकी उठतात. गाण्याची हौस असेल तर गायकाला आदल्या दिवशी संध्याकाळी बोलवा, घरची साठ-सत्तर माणसं सतरंजीवर बसवा. रिसेप्शनला नुसती बासरी किंवा संतूर पुरते, तीही एवढीच की शेजारच्याशी बोलताना मान पुढे करावी लागू नये. दोन माणसं हातभर अंतरावर साधं बोलतात तो आवाज साठ डेसिबलच्या आसपास असतो. फोनवर मोजायचं अ‍ॅप मिळतं. आकडा अगदी काटेकोर नसतो, पण अंदाज येतो.

मुहूर्ताला सनई-चौघडा. इथे मी जरा हट्टी आहे. रेकॉर्ड लावू नका, माणसं बोलवा. बिदागी परवडत नसेल तर फुलांची कमान लहान करा. सनईवाल्यांना ठरवताना एक प्रश्न नक्की विचारा: "मुहूर्त सकाळी दहाचा आहे, काय वाजवाल?" जो तोडी किंवा आसावरी रागाचं नाव घेईल तो रागाची वेळ सांभाळणारा माणूस. गोरज मुहूर्त असेल तर यमन, पूरिया. जो म्हणेल "तुम्ही सांगाल ते सिनेमातलं वाजवतो", त्याला वरातीसाठी ठेवा.

मंगलाष्टकांच्या वेळी सगळ्यात जास्त गोंधळ होतो. दोन्हीकडच्या आत्या, काकू, मामा आपापली मंगलाष्टकं लिहून आणतात आणि सात जणांमध्ये माइक एक. कॉर्डलेस हातोहात फिरतो, कुणाचा तरी अंगठा बटणावर पडतो, मधलंच कडवं गप्प. गुरुजी घड्याळ बघत असतात. माझी पद्धत अशी: अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर एकेक वायरचा माइक, गाणाऱ्यांनी माइकपाशी यायचं, माइक फिरवायचा नाही. कडवी किती आणि कुणाची, ते आदल्या दिवशी कागदावर लिहून गुरुजींना द्यायचं. कॉर्डलेस हवाच असेल तर त्यात सकाळीच नवीन सेल. जुन्या मंगलाष्टकांत वाजंत्र्यांना फार गलबला करू नका असं बजावलेलंच आहे. मी ते अक्षरशः पाळतो, 'सावधान' होईपर्यंत सनईला हात लावू देत नाही.

हळदीचं प्रत्येक घरचं वेगळं. चेंदणी कोळीवाड्यात, कळव्यात, पलीकडे घणसोली-दिव्याकडे हळदीची रात्र लग्नापेक्षा मोठी. तिथं बेंजो पार्टी हवीच, तिच्यावर सगळी गल्ली नाचते. पण धवलारीण, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी (धवले) म्हणणारी बाई, बोलावली असेल तर तिला आधीची वेळ द्या. हळदीच्या एकेका विधीचा धवला वेगळा असतो, ती नुसती गात नाही, विधी पुढे नेते. एका घरी मी बेंजोचे स्पीकर आधीच सुरू केले. बाई ओट्यावर बसून पूर्ण धवला म्हणाल्या आणि कुणालाच काही ऐकू गेलं नाही. मी मिक्सरवर होतो, ती चूक माझी. तेव्हापासून धवलारणीपुढे बुटका स्टँड लावतो, त्या बसल्यात त्या उंचीला, आणि त्यांचं झाल्याशिवाय बेंजोची वायर जोडत नाही. गोंधळाचंही तसंच. संबळ, तुणतुणं, दिवटी हे कुलदैवताचं काम आहे. 'संगीतमध्ये दहा मिनिटांचा आयटम करा' असं गोंधळ्यांना सांगू नका. लग्नानंतर घरी घाला, नीट घाला.

ढोल-ताशा उघड्यावरच. पाडव्याच्या स्वागतयात्रेत पथक ऐकताना अंगावर काटा येतो, कारण वर आभाळ असतं. तेच पथक हॉलच्या पोर्चमध्ये, खाली टाइल्स, वर काँक्रीट, आणि पाळण्यातलं बाळ दहा फुटांवर. नवरदेव चालत येणार असेल तर रस्त्यावर पंधरा मिनिटं वाजवून घ्या, दारात थांबवा. वाटेत दवाखाना, शाळा किंवा कोर्ट असेल तर त्याच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र धरतात, तिथून गुपचूप पुढे यायचं.

आता वेळेचं, इथे पैसे बुडतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. बंद हॉलमध्ये आतल्या आत चालतं, लॉनवर नाही. स्पीकरची लेखी परवानगी पोलीस ठाण्यातून आधी काढायची आणि तो कागद हॉलवर सोबत ठेवायचा. घोडबंदर रोडच्या एका लॉनवर ऑर्केस्ट्रा सात ते दहा ठरला होता. वरात माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, पहिलं गाणं सव्वानऊला सुरू झालं, दहाला मी मेन बंद केला. मुलीच्या वडिलांनी तीन तासांची पूर्ण बिदागी दिली. ते काही बोलले नाहीत, नुसते खुर्चीवर बसून राहिले. तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो, सुपारी देताना कागदावर 'तीन तास' लिहू नका. 'पहिला सूर किती वाजता' ते लिहा, कलाकार हॉलवर कधी पोचणार ते लिहा, आणि उशीर तुमच्याकडून झाला तर काय, त्यांच्याकडून झाला तर काय, तेही लिहा. इसार दिला की सहीची पावती घ्या. दादर-परळहून येणाऱ्या कलाकारांना संध्याकाळी तीन हात नाक्यासाठी तासभर जास्तीचा धरून वेळ द्या.

स्पीकर मोठे मागू नका, जास्त मागा. स्टेजजवळ दोन राक्षस ठेवले की पुढच्यांचे कान जातात आणि मागच्यांना नुसता घुमारा ऐकू येतो. चार लहान स्पीकर डोक्यापेक्षा उंच, दोन स्टेजपाशी आणि दोन हॉलच्या मध्यावर लावले, तर आवाज कमी ठेवूनही शब्द कळतात. हॉल बघायला जाल तेव्हा मधोमध उभं राहून एकच टाळी वाजवा. ती घुमत राहिली तर तिथं बँड नको. कानाला मशीन लावणारी माणसं स्पीकरपासून लांब बसवा. गोंगाटात ती मशीन काढून ठेवतात आणि मग अख्खं लग्न त्यांना नुसतं दिसतं.

तरुण मुलांना डीजे हवा असतो आणि त्यांचं बरोबर आहे, त्यांचंही लग्न आहे. जेवणं झाल्यावर, मोठी माणसं निघाली की एक तास मनसोक्त नाचू द्या, मात्र बंद हॉलमध्ये.

पाठवणीला काय लावू, असं हमखास विचारतात. काही लावू नका. आई मुलीच्या कानात काहीतरी सांगत असते, ते तिला ऐकू गेलं पाहिजे. सनईवाल्यांना मी आधीच सांगून ठेवतो, गाडीचं दार लागेपर्यंत थांबा.