भंडारदऱ्याची प्रदक्षिणा, गर्दी टाळून

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भंडारदऱ्याचा अर्धा दिवस गाड्यांच्या रांगेतच जातो. आम्ही आता असं करतो:

१. भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावात मुक्काम करून सकाळी सातच्या आत निघायचं. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यायचा, पुढे रेंज जाते.

२. आधी रतनवाडी. अमृतेश्वराचं दर्शन निवांत होतं. मग साम्रद, घाटघर आणि पांजरे-मुरशेतमार्गे जलाशयाला वळसा घालून परत शेंडी.

३. अंब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो, तेव्हा गावात विचारूनच जा. राजूरकडे परतणाऱ्यांनी रंधा धबधबा शेवटी ठेवावा, तो वाटेवरच आहे.

साम्रदजवळच्या सांदण दरीत मात्र पावसाळ्यात अजिबात उतरू नका. अरुंद घळीत पाणी अचानक वाढतं. ती दिवाळीनंतरच करा.