दोन मिनिटांत ब्रिटिश गँगस्टर: विद्यार्थ्यांच्या फिल्मची सुरुवात कशी करावी

मी पूर्व लंडनमधल्या एका कॉलेजात मीडिया विभागाचं किट सांभाळतो. कॅमेरे, ट्रायपॉड, माइक द्यायचे, मोजून परत घ्यायचे आणि मुलं एडिटिंगला बसली की शेजारी खुर्ची ओढून बसायचं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना फिल्मची सुरुवात करायला सांगा, बरीचशी भयपटाकडे वळतात आणि उरलेल्यांतली पुष्कळ गँगस्टरकडे. ओसीआर या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या जुन्या एएस (ए लेव्हलचं पहिलं वर्ष) अभ्यासक्रमात हे काम होतं. केंब्रिज इंटरनॅशनलच्या मीडिया स्टडीजमध्ये ते आजही आहे: नव्या कथापटाची नामावली आणि सुरुवात, जास्तीत जास्त दोन मिनिटं. केंब्रिजच्या शाळा पुण्या-मुंबईतही आहेत, त्यामुळे तिथल्या मुलांच्याही हे कामी येईल.

पहिल्या स्क्रिप्टमध्ये हमखास तीन गोष्टी सापडतात: काळे सूट, खोटं पिस्तूल आणि खुर्चीला बांधलेला माणूस. तिन्ही काढून टाका. मग जे उरतं त्यातून फिल्म सुरू होते.

आधी देणं ठरवा

ब्रिटिश गँगस्टर हा मुळात धंदेवाला माणूस असतो. ‘द लाँग गुड फ्रायडे’ या चित्रपटातला गँगस्टर हॅरल्ड शँड लंडनच्या गोदीत मोठं बांधकाम उभं करायला निघालेला आहे. १९९८ च्या ‘लॉक, स्टॉक’ या चित्रपटाची सुरुवात रस्त्यावर सुटकेसमधून माल विकण्याने होते आणि पुढची सगळी धावपळ पत्त्यांत हरलेल्या पाच लाख पौंडांपायी. म्हणजे उधारी, हप्ता, भाडं, वाटा. गोळीबार झालाच तर फार नंतर.

तेव्हा स्टोरीबोर्डला (शॉटांच्या रेखाटनांना) हात लावण्याआधी एका ओळीत लिहा: कोण कोणाचं काय देणं लागतो? ‘टोळीयुद्ध’ हे उत्तर चालणार नाही. ‘गॅरेजवाल्या मुलाने साहेबांची व्हॅन ठोकली आणि अजून सांगितलेलं नाही’ हे चालेल. रक्कम किंवा वस्तू जितकी छोटी, तितकी सतरा वर्षांच्या नटाला ती पेलते. आणि दोन मिनिटांत हे देणं फेडायचं नाही. ते आहे एवढंच प्रेक्षकाला कळलं पाहिजे.

नट तुमच्याच वर्गातले आहेत

सगळ्यात मोठी अडचण ही. १९६५ मध्ये छायाचित्रकार डेव्हिड बेलीने लंडनच्या क्रे बंधूंचा, त्या जुळ्या गँगस्टरांचा, जो फोटो काढला, त्यातले सूट आणि त्यातली नजर अजून या प्रकारावर राज्य करते. वर्गातला मुलगा वडिलांचा सूट घालून तसा उभा राहिला की शाळेच्या स्नेहसंमेलनातला वाटतो, त्याने कितीही जीव ओतला तरी. त्याला साहेब करू नका. त्याला निरोप्या करा, राखण करणारा करा, गाडी धुणारा करा. टोळीच्या तळाशी खरोखर कोवळी पोरंच असतात, त्यामुळे त्याचं वय तुमच्या बाजूने काम करतं. अंगावर ट्रॅकसूट आणि त्यावर जरासा मोठा, कुणाचा तरी वापरलेला ओव्हरकोट. तो कोट कुणी दिला असेल, हा प्रश्न प्रेक्षकाच्या डोक्यात आपोआप येतो.

साहेबाचा चेहरा दाखवायचाच नाही. हात, मान, कोटाची पाठ आणि आवाज. ते हात मात्र मोठ्या माणसाचे हवेत: शिक्षक, शेजारी, काका, कुणाचेही. कोवळ्या हातात सोन्याची अंगठी घातली तरी कॅमेऱ्याला वय दिसतं.

बोलीचंही असंच. कॉकनी, म्हणजे पूर्व लंडनची जुनी बोली, येत नसेल तर आणू नका. आजचं लंडन कितीतरी भाषा बोलतं. हॅरोमध्ये वाढलेल्या एका मराठी मुलीने साहेबाचा आवाज म्हणून आपल्या काकांना बसवलं आणि त्यांचे संवाद चक्क मराठीत ठेवले, खाली इंग्रजी सबटायटल देऊन. मुलगा समोर येऊन बसतो. काका म्हणतात, “आधी चहा घे. पैशांचं बोलू मग.” मुलगा म्हणतो, “नको काका, निघतो मी.” क्षणभर काही नाही. मग त्याच मऊ आवाजात, “घे म्हटलं ना.” वर्गातल्या ज्या मुलांना मराठीचं अक्षरही कळत नव्हतं, तीसुद्धा सबटायटल वाचायच्या आधी ताठ झाली. धमकी म्हणतात ती ही. आपल्या घराघरात जो आग्रह चालतो, तोच. फक्त समोरचा उठून जाऊ शकत नाही.

पिस्तूल का नको

ब्रिटनमध्ये सार्वजनिक जागी वाजवी कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणंसुद्धा गुन्हा आहे आणि १८ वर्षांखालच्या मुलांना ती विकत घेता येत नाही. गॅरेजमागच्या गल्लीत तुम्ही ती बाहेर काढली, खिडकीतून कुणी पाहिली आणि ९९९ फिरवला, तर सशस्त्र पोलीस येतात. त्यांना तुमचा स्टोरीबोर्ड दिसत नाही. चाकूचंही तेच. रस्त्यावर नुसती झटापट किंवा पाठलाग चित्रित करायचा असला तरी शिक्षकांमार्फत स्थानिक पोलिसांना आधी कळवून नोंदीचा सीएडी क्रमांक घ्या आणि तो कॉल शीटवर (शूटिंगच्या दिवसाच्या वेळापत्रकावर) लिहा. मी तर सांगेन, शस्त्र लिहूच नका. पोलीसच बहुतांशी बिनबंदुकीचे असलेल्या देशातला हा प्रकार आहे. त्याची भीती शिष्टाचारातून येते.

दार, खोली, खुर्ची

ओसीआरमध्ये मुख्य कामाआधी एक छोटा सराव असायचा: पात्र दार उघडतं, खोली ओलांडतं, दुसऱ्या पात्रासमोर बसतं, दोघं एखाद-दोन वाक्यं बोलतात. मुलं तो कसातरी उरकायची. मला विचाराल तर या प्रकारातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग तोच आहे. कुणीतरी आत येतो आणि ज्याच्यासमोर बसायचं नाही त्याच्यासमोर बसतो.

म्हणून तो सराव गांभीर्याने करा. दार बाहेरून ढकलताना एक शॉट आणि आतून उघडताना दुसरा. दोन्हीत हात त्याच उंचीवर, दाराची गती तीच, आणि कट हालचालीच्या मध्यावर. चालताना पूर्ण खोली एकदाच मोकळी दाखवा, म्हणजे कोण कुठे बसलंय आणि दार किती लांब आहे हे कळेल. समोरासमोर बसल्यावर दोघांमधून एक रेघ कल्पा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. ही रेघ ओलांडली की दोघं एकाच दिशेला पाहतायत असं वाटतं आणि साहेबाची सगळी पकड सुटते.

साहेब दाराकडे तोंड करून बसतो, मुलगा दाराकडे पाठ करून. एवढ्या एका निर्णयाने अर्धं काम होतं.

जागा आणि उजेड

पबच्या मागे लागू नका, वयाची भानगड येते. ट्यूब किंवा रेल्वे स्थानकही सोडा. तिथे परवानगी लागते आणि ती वेळेत मिळेलच असं नाही. कोपऱ्यावरचा साधा कॅफे बघा: फॉर्मायकाची टेबलं, ब्राउन सॉसची बाटली, चहाचे जाड मग. मालकाला दुपारच्या गर्दीनंतर भेटा आणि लेखी परवानगी घ्या. नाहीतर कौन्सिलच्या (पालिकेच्या) इमारतींमागची भाड्याची लॉक-अप गॅरेजं. एखाद्याच्या घरच्यांच्या नावावर तसं गॅरेज असतंच.

हिवाळ्यात शूटिंग करा. डिसेंबरात लंडनचा सूर्य चारच्या आत मावळतो, म्हणजे तास संपवून बाहेर पडेपर्यंत आभाळ निळं-करडं झालेलं असतं आणि दुकानांचे दिवे लागलेले असतात. असा उजेड भाड्याने आणायचा म्हटला तर परवडणार नाही, पण तो फार थोडा वेळ टिकतो. तालीम दुपारीच उरकून ठेवा.

कॅफेत वरच्या ट्यूबलाइट शक्य तर बंद करून खिडकीचा उजेड एका बाजूने घ्या. बंद करता येत नसतील तर कॅमेरा किंवा फोन सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदावर ठेवा. इथली वीज ५० हर्ट्झची आहे, भारतातही तीच. ३० फ्रेमवर शूट केलंत तर दिव्यांची थरथर चित्रात उतरू शकते. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) हाताने लॉक करा. नाहीतर साहेबाचा काळा कोट फ्रेममध्ये आला की फोन स्वतःच चित्र उजळवतो आणि सगळी सावली जाते.

चमच्याचा आवाज

मुलं सगळा वेळ चित्राला देतात. माझा आग्रह आहे की एक अख्खी दुपार आवाजाला द्या. काकांच्या त्या दृश्यात काका साखर ढवळतात, चमचा मगाला तीनदा लागतो आणि चौथ्यांदा लागायच्या ऐवजी थांबतो. ते थांबणं हाच संवाद आहे. शूटिंगच्या वेळचा तो आवाज पातळ आला होता, म्हणून आम्ही माइक मगापासून वीतभर अंतरावर धरून वेगळा घेतला. असा आवाज घेताना चहाचा मग अर्धा भरलेला हवा. रिकामा मग घंटीसारखा वाजतो.

त्याआधी कॅफेचा फ्रीज मालकाला विचारून थोडा वेळ बंद केला. ध्वनिमुद्रकांची जुनी सवय आहे: फ्रीज बंद केला की आपल्या किल्ल्या त्याच्या आत ठेवायच्या, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. जायच्या आधी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्या. एडिटिंगमध्ये दोन कटांमधली भोकं त्यानेच बुजतात.

संगीत कॉपीराइटमुक्त हवं, किंवा स्वतः वाजवलेलं. बास गिटारचे दोन-तीन सूर पुरतात. संवाद सुरू होण्याआधी ते थांबवा.

नावं कुठे टाकायची

नामावली शेवटी चिकटवण्याची गोष्ट नाही, तिच्यासाठी जागा आधीच राखायची. १९७१ च्या ‘गेट कार्टर’ या चित्रपटात टोळीचे मालक आपल्या माणसाला, कार्टरला, जाऊ नको म्हणून सांगतात, आणि मग नावं येतात ती लंडनहून न्यूकॅसलला निघालेल्या रेल्वेवर, रॉय बडच्या संगीतासोबत. कार्टर झालेला मायकेल केन पुस्तक वाचत बसलेला असतो. कुणी कुणाला मारत नाही, पण हा माणूस ऐकणार नाही हे कळून चुकतं. तुमच्या मुलालाही कॅफेपर्यंत चालत आणा: गॅरेजचं शटर, कालव्याकाठची वाट, खिशातला लिफाफा चाचपणारा हात. या सव्वा मिनिटाच्या चालण्यावर नावं बसवा.

क्रम साधारण असा: निर्मिती कंपनी, मुख्य कलाकार, फिल्मचं नाव, मग संगीत, वेशभूषा, संकलन, छायालेखन, निर्माता आणि सगळ्यात शेवटी दिग्दर्शक. दहा-बारा नावं पुरेत, प्रत्येकाला दोन-तीन सेकंद. अक्षरं साधी घ्या. रक्ताचे थेंब, गोळीची भोकं पाडलेले फाँट नकोत. फ्रेममध्ये जिथे रिकामी भिंत किंवा आभाळ असेल तिथे नाव बसलं पाहिजे, म्हणून शूट करतानाच तेवढी जागा सोडा. हे न केल्यामुळे नटाच्या कपाळावर संकलकाचं नाव आलेलं मी पाहिलं आहे.

“घे म्हटलं ना” नंतर मुलाचा हात मगाकडे जातो, आणि तो मगाला लागायच्या आत कट करा. फिल्मचं नाव राखून ठेवलं असेल तर ते काळ्या पडद्यावर इथे येऊ द्या. एक्स्पोर्ट करताना लांबी १ मिनिट ५५ सेकंदांच्या आसपास ठेवा, कारण मर्यादा दोन मिनिटांची आहे आणि शेवटच्या काळ्या फ्रेमही त्यात मोजल्या जातात. मग ती फाइल एकदा फोनच्या स्पीकरवर, एकदा वर्गातल्या प्रोजेक्टरवर लावा. फोनवर चमचा ऐकू आला पाहिजे आणि प्रोजेक्टरवर अंधारातले हात दिसले पाहिजेत. दोन्हींपैकी एक जरी जमलं नाही, तरी फाइल जमा करण्याआधी पुन्हा एडिटिंगला बसा.