हात चालतो पण मन लागत नाही? चित्र काढणाऱ्यांनो, या चुका टाळा

जुलै उजाडला की माझ्या रविवारच्या जलरंगाच्या वर्गात कुणीतरी मागं थांबतं. बाकीचे गेले की हळूच म्हणतं, "ताई, हल्ली काढावंसंच वाटत नाही. कशासाठी काढतोय तेच कळेना." सहा महिने झालेला नवशिका असतो, तसा वीस वर्षं रंगवणाराही असतो. दुखणं खरं आहे आणि मीही त्यातून गेले आहे. पण त्यावर जे उपाय केले जातात ते बघून जीव तुटतो, कारण दरवर्षी चुका त्याच होतात.

कागद न तपासता मनाला दोष देणं. नाशिकच्या पावसाळ्यात उघडा ठेवलेला कागद सर्दतो. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, तासभर वाळत नाही, कडा फुटतात, रंग मळकट दिसतो आणि माणूस म्हणतो माझ्यातलंच काही संपलं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. एवढ्यावर बरे झालेले लोक मी पाहिलेत.

नवं सामान आणणं. मन उडालं की लोक दुकानात जातात. बारा ब्रशांचा संच घरी येतो आणि चौथ्या दिवशी त्यावर धूळ. मी दोन गोल ब्रश आणि एक चपटा, एवढ्यावर वर्ष काढते. पैसे घालायचे तर कागदात घाला. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडजूड, सुती कागद, बावीस बाय तीस इंचांचा पूर्ण ताव घ्यायचा आणि त्याचे सोळा तुकडे करायचे. तळहाताहून थोडा मोठा तुकडा होतो. त्याची भीती वाटत नाही आणि बिघडला तर जीवही जळत नाही.

विकलं जातं म्हणून तेच चित्र काढत राहणं. ही माझी स्वतःची चूक, म्हणून सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी एका बिल्डरकडून काम आलं. सॅम्पल फ्लॅटच्या दिवाणखान्यात लावायला गोदाघाटाचं चित्र हवं होतं. घाटावर हिवाळ्यात काढलेला माझा एक फोटो होता, त्यावरून केलं. नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला पंचवटी आणि नारोशंकराचं देऊळ, तसंच चित्रात होतं. त्यांना आवडलं, फक्त सोफा दुसऱ्या बाजूला होता. "मॅडम, देऊळ डावीकडं घेता येईल का?" फोटो उलटा करून काढून दिलं. मग आणखी मागणी आली. एका फ्लॅटवरून दुसऱ्याला, मग एका हॉटेलला, मग कुणाच्या वास्तुशांतीला. दीड वर्षात तेवीस चित्रं झाली. पुढं पुढं मी मूळ फोटोसुद्धा बघत नव्हते, आधीच्या चित्रावरूनच पुढचं काढत होते. सकाळी नऊला बसायचं, दुपारी दोनला सही. पैसे चोख मिळत होते आणि संध्याकाळी ब्रश धुताना रडू येत होतं. का ते सांगता येत नव्हतं.

तेविसावं चित्र फ्रेमवाल्याकडं द्यायला निघाले होते. बुधवार होता, म्हणून वाटेत घाटावरच्या बाजारात मेथी घ्यायला थांबले. पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं चित्र काखेत होतं. माझी नेहमीची पालेवाली मावशी जुडी बांधता बांधता मान तिरकी करून बघत राहिली. मग म्हणाली, "का ओ ताई, नारोशंकर आपला पंचवटीत ना? तुम्ही तर त्याला इकडं आणून बसवला." आणि थोडं थांबून, "ऊन बी उलटं आलंय की."

मी तिथंच उभी राहिले. समोर खरं देऊळ होतं, त्याच्या मागून पंचवटीकडून ऊन येत होतं, पायऱ्यांवर सावली पडली होती. माझ्या काखेतल्या चित्रात सगळं उलट्या बाजूला होतं आणि दीड वर्षात हे मला एकदाही खुपलं नव्हतं. ती बाई शाळेत गेलेली नाही, पण त्या घाटावर तिचा जन्म गेला. आधीच्या गिऱ्हाइकांपैकी एकानंही त्या चित्रातलं देऊळ बघितलं नव्हतं. मीही बघितलं नव्हतं. माझं रडू कशाचं होतं ते त्या दिवशी कळलं.

ते चित्र मी दिलं नाही. आगाऊ घेतलेले पैसे परत केले आणि पुढच्या बुधवारपासून सकाळी साडेसहाला घाटावर बसायला लागले. फोटो घरी, कागदाचा एक तुकडा, पाण्याची बाटली. ठरवलं की फक्त नारोशंकराची घंटा काढायची. आवाज मोठा असलेल्या माणसाला आपण सगळे 'नारोशंकराची घंटा' म्हणतो. पण ती नीट बघितलीत कधी? देऊळ १७४७ मधलं. घंटा त्याहून जुनी, पोर्तुगिजांची, तिच्यावर १७२१ साल आहे. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. माझ्या तेवीस चित्रांत ती पिवळ्या ठिपक्याएवढी होती. आता तिचा खालचा ओठ कसा बाहेर वळतो ते जमायला तीन बुधवार गेले. आणि देवळाचा काळा दगड! ट्यूबमधला काळा लावला की तो कोळशासारखा मरतो. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी ओल्यातच मिसळू दिले की कोरड्या पायरीला तपकिरी झाक येते आणि ओल्या पायरीला निळी. तिसऱ्या बुधवारी ती निळी झाक कागदावर उतरली, तेव्हा साडेनऊ कधी वाजले कळलं नाही.

कामं घेऊ नका असं मी म्हणत नाही. घर चालवायचंच असतं. पण विकाऊ चित्रासाठीही जागेवर जा. फोटोवरून काढलेल्या चित्रावरून चित्र काढू नका. लवकर हात बसावा म्हणून नवशिके हाच रस्ता धरतात आणि वर्षभरात त्यांचा हात बसतो, डोळा मात्र जातो.

'कशासाठी' याचं उत्तर मिळेपर्यंत न काढणं. हे हुशार पोरांचं दुखणं. वहीत उद्देश लिहितात, प्रेरणेचे व्हिडिओ बघतात, कागद कोराच. उत्तर काढता काढता मिळतं, बसून मिळत नाही.

रागाच्या भरात सगळं बंद करणं. "ताई, मी वर्षभर ब्रेक घेते" असं कुणी म्हणालं की मी आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगते. १९१८ साली नाशिकात हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. पुढं भागीदारांशी पटेना, तेव्हा ते कंपनी सोडून घरच्यांना घेऊन काशीला गेले. आपल्यासाठी मोलाचं ते पुढंच आहे. काशीत ते नुसते बसले नाहीत, त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं. १९२२ मध्ये परत नाशिकला कंपनीत आले. दुकान बदललं, पण काम चालू होतं. त्याच माणसानं १९१२ मध्ये, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, कुंडीत वाटाणा पेरून तो उगवताना महिनाभर थोडं थोडं चित्रण केलं होतं, भांडवल घालणाऱ्यांना दाखवायला. महिनाभर एक रोप बघत राहायचं! आमच्या वर्गात वीस मिनिटांत चित्र झालं नाही तर मोबाइल निघतो.

ज्या कामाचा वीट आला असेल ते थांबवा, जमल्यास दुसरं काही करा. पण रोज हाताला काहीतरी द्या. वर्षाचा ब्रेक घेऊन परत आलेले माझ्या वर्गात दोनच आहेत.

ओलं चित्र ग्रुपवर टाकणं. वाळू द्या. एक रात्र जाऊ द्या. अंगठे मोजायला लागलात की पुढचं चित्र अंगठ्यांसाठी होतं.

जाणत्याला न दाखवणं. इथं मी जाणता म्हणते तो समीक्षक नव्हे. काढलेली वस्तू रोज वापरणारा माणूस. सायकल काढली तर सायकलवाल्याला दाखवा, चूल काढली तर आजीला. "छान" म्हणणारे घरात भरपूर असतात.

मी मावशीचं दुकान काढलं आणि तो तुकडा तिलाच दिला. गोणपाट, मेथी, शेपू, हातातला तराजू, सगळं मनापासून केलं होतं. तिनं हात पदराला पुसले, चित्र लांब धरलं, जवळ घेतलं. म्हणाली, "मेथी झाली बरोबर. पण माझं डावं पारडं चेपलंय ताई, तुम्ही नवं कोरं केलं." मग तराजू उचलून माझ्यासमोर धरला. पारड्याच्या कडेला अंगठा बसेल एवढा पोचा होता, आणि त्या पोच्यात धुतलेल्या भाजीचं पाणी साचून चमकत होतं.

पुढच्या बुधवारी मी फक्त ते पारडं काढलं.